हंगामी पॉपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोजागिरी झाली की पॉपीबद्दल विचारणा सुरू होते, आणि संक्रांतीच्या आसपास 'पानं भरपूर आहेत, फूल एकही नाही' असे निरोप येऊ लागतात. पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांत आणि अंगणातल्या दोन वाफ्यांत मी बरीच वर्षं पॉपी पेरते आहे. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते सगळं इथे एकत्र करून ठेवलंय. उत्तरं मुख्यतः देशावरच्या हवेला धरून आहेत, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर हा पट्टा. कोकण, गोवा आणि विदर्भ यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: पॉपी लावायची नसते, पेरायची असते.

पॉपी म्हणजे अफूच ना? घरी लावली तर अडचणीत येऊ का?

सगळ्या पॉपी म्हणजे अफू नव्हे. अफू ज्या झाडापासून निघते त्याचं शास्त्रीय नाव पापाव्हर सोम्निफेरम, आणि त्याचंच बी म्हणजे आपली खसखस. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार, हे झाड सरकारी परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. शोभेसाठी दोनच झाडं लावली होती, अशी सवलत त्या कायद्यात नाही. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठराविक भागांत. नीमच, मंदसौर, चित्तोडगड ही त्यातली प्रसिद्ध नावं. तिथे केंद्राचा नार्कोटिक्स विभाग प्रत्येक शेताची मोजणी करतो. महाराष्ट्रात असा परवान्याचा भाग नाही.

बागेत हौसेने लावतात त्या पॉपी वेगळ्या. शर्ली, लेडीबर्ड, कॅलिफोर्निया, आइसलँड या पॉपींपासून अफू निघत नाही. त्यांच्यावर बंदी नाही आणि त्यांचं बियाणं उघड विकलं जातं.

झाड उगवल्यावर ओळख पटवायची असेल तर पानं आणि देठ बघा. अफूच्या झाडाची पानं कोबीच्या पानांसारखी निळसर राखाडी, मेणचट, गुळगुळीत असतात आणि पानाचा तळ खोडाला मिठी मारल्यासारखा चिकटलेला असतो. बोंड गोल आणि चांगलं मोठं होतं. शर्लीचा देठ बोटाला खरखरीत लागतो, कारण त्यावर ताठ केसांची लव असते. पानं हिरवी आणि दोन्ही बाजूंनी खोल कातरलेली असतात. बोंड बोटाच्या पेराएवढंही भरत नाही. तुमच्या पाकिटातून निळसर, मेणचट पानांचं झाड उगवलं, तर फुलाची वाट न बघता ते उपटून टाका.

डब्यातली खसखस पेरली तर उगवेल का?

हा प्रश्न दिवाळीत अनारसे झाले की हमखास येतो. कृपा करून पेरू नका. उगवण्याचा भाग नंतरचा, पण उगवलं तर ते अफूचंच झाड असणार. बाजारातली खसखस खाणं कायदेशीर, तीच पेरणं बेकायदा. खसखशीचं पीक म्हणून शेतात अफू लावली आणि पोलीस कारवाई झाली, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असतात. कायदा माहीत नव्हता, या सबबीवर तिथे सुटका होत नाही.

भाचीने परदेशातून पॉपीची पाकिटं पाठवली आहेत. पेरू का?

आधी पाकिटावरचं बारीक अक्षरातलं शास्त्रीय नाव वाचा. इंग्लंड-अमेरिकेत शोभेसाठी म्हणून अफूच्या झाडाचेच देखणे वाण सर्रास विकले जातात. पिओनी पॉपी, ब्रेडसीड पॉपी, लॉरेन्स ग्रेप, डॅनिश फ्लॅग, हेन अँड चिकन्स ही सगळी सोम्निफेरमची रूपं आहेत. चित्र कितीही मोहात पाडणारं असलं तरी आपल्याकडे ती पेरायची नाहीत. पाकिटावर 'ऱ्हीअस', 'कॉम्युटाटम', 'न्यूडिकॉल' किंवा 'एशोल्झिया' असं लिहिलेलं असेल तर ती बागेतली पॉपी समजा.

दुसरं असं की परदेशातून बियाणं आणायला वनस्पती-विलगीकरणाचे नियम लागू होतात. भाचीला सांगा, पुढच्या वेळी नको पाठवू. शर्ली आणि कॅलिफोर्नियाचं चांगलं बी आता इथल्या बियाणांच्या दुकानांत मिळतं.

पहिल्यांदाच लावतोय. कोणती घेऊ?

कुंडीत आणि पहिल्याच वर्षी हात बसवायचा असेल तर कॅलिफोर्निया. ती सगळ्यांत चिवट. हाडापेराने लहान, साधारण फूटभर उंच, पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक आणि फुलं भगवी-पिवळी. थोडा कोरडेपणा झाला तरी ती तग धरते. १९०३ पासून ती कॅलिफोर्निया राज्याचं अधिकृत फूल आहे.

जमिनीत वाफा असेल तर शर्ली. माझा जीव हिच्यात. दोन-अडीच फूट उंची, रेशमी कागदासारख्या पाकळ्या, आणि लाल, गुलाबी, शेंदरी, पांढऱ्या अशा इतक्या छटा की एका वाफ्यात दोन फुलं सारखी सापडायची नाहीत. लेडीबर्ड म्हणजे लालभडक पाकळ्यांवर एकेक काळा ठिपका. ती ठेंगणी असते, त्यामुळे वाऱ्याने पडत नाही.

आइसलँड मुळात थंड प्रदेशातली बहुवर्षायू. आपल्या उन्हाळ्यात ती टिकत नाही म्हणून आपण तिला हंगामी धरतो. थंडी खरी पडते तिथेच तिच्या वाटेला जा. महाबळेश्वर-पाचगणीला जमेल, पुण्यात एखाद्या वर्षी जमतं, सोलापुरात मी हा हट्ट धरणार नाही. ओरिएंटल पॉपी मात्र नकोच. तिला लागते तशी कडाक्याची थंडी आपल्याकडे नाही.

पेरणी नेमकी कधी करायची?

कॅलेंडरपेक्षा पहाटेकडे लक्ष द्या. ऑक्टोबरचा चटका ओसरला, पहाटे पंखा बंद करून पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की वेळ झाली. पुण्यात हे बहुधा ऑक्टोबर संपताना किंवा दिवाळीच्या मागेपुढे होतं. बी रुजायला १५ ते २० अंश तापमान मानवतं. माती त्याहून फार तापलेली असेल तर बी नुसतं पडून राहतं.

उशीरही परवडत नाही. शर्लीला पेरणीपासून फुलापर्यंत अडीच ते तीन महिने लागतात आणि होळीच्या सुमाराला आपलं ऊन तिला संपवतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरलंत तर जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुलं मिळतात. डिसेंबरअखेर पेरलेल्या वाफ्यात झाडं वीतभर वाढून दोन-दोन फुलांवर आटोपलेली मी पाहिली आहेत. मी सगळं बी एकदम पेरत नाही. अर्धं आज आणि अर्धं पंधरा दिवसांनी. मधेच अवकाळी पाऊस आला तर निदान एक खेप हाताशी राहते.

नर्सरीतून रोपं आणून लावली तर नाही का चालणार? बी पेरत बसायला वेळ नाही.

झेंडूला चालतं, पिटुनियाला चालतं, पॉपीला चालत नाही. तिचं मूळ मुळ्यासारखं सरळ खाली जातं आणि फाटे कमी फुटतात. रोप उपटताना त्या सोटमुळाचं टोक तुटलं की रोप चार दिवस हिरवं दिसतं, मग बसतं. मरत नाही ते खुरटतं आणि लहानपणीच एखादं फूल देऊन संपतं. पहिल्या वर्षी मी एका रोपवाटिकेतून ट्रेमधली दोन डझन शर्लीची रोपं आणली होती. फुलली त्यातली पाच.

आइसलँडची अगदी कोवळी रोपं, मातीच्या गोळ्यासकट, हलक्या हाताने लावली तर जगतात. बाकीच्या पॉपींसाठी, जिथे फूल हवं तिथेच बी पडलं पाहिजे. खरंतर यात वेळही कमीच लागतो, वाफा तयार असला तर पेरणी दहा मिनिटांची.

माती कशी हवी? आणि कुंडी केवढी?

पाणी धरून ठेवणारी माती हा पॉपीचा शत्रू. आपली काळी माती पोषक खरी, पण ओली झाली की आठवडाभर चिखल आणि वाळली की भेगा. तीत निम्म्याच्या आसपास वाळू आणि पोयटा मिसळा, किंवा वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करून घ्या. लाल माती असेल तर काम सोपं. माझं कुंडीतलं मिश्रण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट मी घालत नाही, ते ओल फार काळ धरतं.

सोटमूळ खाली जाणार असल्याने कुंडी रुंदीपेक्षा खोलीने निवडा. बारा इंची कुंडीत शर्लीची तीन झाडं नीट वाढतात, कॅलिफोर्नियाची चार-पाच. दिवसातून सहा तास थेट ऊन हवं. उत्तरेच्या बाल्कनीत पॉपी होत नाही, तिथे दुसरं काहीतरी लावा.

बी इतकं बारीक आहे की हातातून सांडतं. पेरायचं कसं?

शर्लीचं बी खसखशीहूनही बारीक. एका चिमटीत शेकडो दाणे येतात, म्हणून ते कोरडं बी कधीच थेट टाकू नका. चिमूटभर बी मूठभर कोरड्या, चाळलेल्या वाळूत मिसळा.

वाफा आदल्या दिवशी भरपूर भिजवून ठेवा. दुसऱ्या दिवशी माती वाफशावर आली, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, की वरची दोन बोटं माती खुरप्याने भुसभुशीत करून सपाट करा. आता रांगोळी सोडतो तशी अंगठा आणि तर्जनीतून वाळू सोडत जा. रांगोळी काढणाऱ्यांचा हात यात पहिल्याच दिवशी बसतो. वाळू मातीवर फिकट दिसते, त्यामुळे कुठे पडली, कुठे राहिली ते लगेच कळतं. मग लाकडी पाट किंवा हाताचा पंजा ठेवून हलकं दाबा, म्हणजे बी मातीला चिकटेल. वरून माती ओढायची नाही. या बियाला रुजायला उजेड लागतो. फार तर चहाच्या गाळणीतून गांडूळखताचा धुरळा उडवा, मातीचा रंग जेमतेम बदलेल इतकाच. कॅलिफोर्नियाचं बी थोडं मोठं असतं, त्यावर दोन-तीन मिलिमीटर माती चालते.

पाणी झारीने नको, फवाऱ्याने. झारीच्या धारेने सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथेच गवतासारखं उगवतं.

आता मुंग्यांबद्दल. एका वर्षी सकाळी पेरलं आणि दुपारी चहा घेऊन गच्चीवर गेले, तर कुंडीच्या कडेवरून काळ्या मुंग्यांची ओळ चालली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा. संध्याकाळपर्यंत कुंडी रिकामी. तेव्हापासून पेरलेली कुंडी मी परातीत पाणी घालून, मधे वीट ठेवून, त्या विटेवर ठेवते. वाफ्यावर जुनी पातळ सुती ओढणी अंथरते, तिच्यातून उजेड येतो आणि चिमण्या बी टिपत नाहीत. पहिले अंकुर दिसले की ओढणी त्याच दिवशी काढायची.

किती दिवसांत उगवतं? माझं उगवलंच नाही.

दहा ते पंधरा दिवस धरा, थंडी उशिरा पडली तर तीन आठवडे. अंकुर म्हणजे हिरव्या धाग्याचा तुकडा, त्याला दोन अरुंद पानं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तणच वाटतं. कित्येकांनी ते खुरपून टाकलंय. म्हणून वाफ्याच्या एका कोपऱ्यात वेगळं चिमूटभर बी दाट पेरा आणि तिथे काडी रोवून ठेवा. तिथे जे उगवेल तसं दिसणारं बाकीच्या वाफ्यात राखायचं.

उगवलं नाही तर बहुतेक वेळा बी खोल गेलेलं असतं, किंवा वरची माती सुकून तिने खपली धरलेली असते. बी रुजेपर्यंत वरचा थर ओलसर राहिला पाहिजे, त्यासाठी दिवसातून दोनदा फवारा. एवढं करूनही गेलं तर मुंग्यांवर संशय घ्या. पेरण्यापूर्वी पाकीट दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्याने उगवण एकसारखी होते, असा माझा अनुभव आहे.

विरळणी करायला जीव होत नाही. केलीच पाहिजे का?

केलीच पाहिजे. इथेच बहुतेकांची पॉपी फसते. दाटीत वाढलेली झाडं काडीसारखी उंच होतात, वाऱ्याने आडवी पडतात, खाली हवा खेळत नाही म्हणून बुरशी येते, आणि फुलं येतात ती बटणाएवढी. रोपाला चार खरी पानं आली की पहिली विरळणी. शेवटी शर्लीत वीतभर आणि कॅलिफोर्नियात अर्धी वीत अंतर राहिलं पाहिजे. रोप उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. छोट्या कात्रीने जमिनीलगत कापा. शंभर रोपांतली ऐंशी कापताना मलाही वाईट वाटतं, पण उरलेली वीस फुलल्यावर त्या ऐंशींची आठवण राहत नाही.

पाणी किती?

रुजताना थोडं थोडं आणि वारंवार. झाड वीतभर झालं की भरपूर, पण वाफसा आल्याशिवाय पुन्हा नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. कळ्यांवर आणि पाकळ्यांवर पाणी मारलं तर फूल त्याच दिवशी गळतं. कॅलिफोर्निया पाण्याने मेलेली मी बघितली आहे, तहानेने मेलेली क्वचितच.

खत कोणतं घालू?

पेरण्यापूर्वी मातीत मिसळलं तेवढं पुरतं. युरिया किंवा शेणाची ताजी स्लरी दिलीत तर पानांची गच्च गादी तयार होते आणि कळ्या येत नाहीत. सुरुवातीला म्हटलेल्या 'पानं भरपूर, फूल नाही' या तक्रारीमागे निम्म्या वेळा खत आणि निम्म्या वेळा सावली असते.

कळ्या सगळ्या खाली मान घालून आहेत. झाड सुकतंय का?

नाही हो, अजिबात नाही. पॉपीची कळी अशीच वाढते. देठ वाकलेला, कळी उलटी लोंबती, वर केसाळ हिरवं कवच. उमलायच्या आदल्या दिवशी देठ सरळ होऊ लागतो. शक्य असेल तर त्या पहाटे खुर्ची टाकून शेजारी बसा. कवचाला एक उभी चीर पडते, तिच्यातून रंगाची रेघ दिसते. मग कवचाचे दोन्ही तुकडे सुटून खाली पडतात, आणि आतून चार पाकळ्या बाहेर येतात, पेटीत घडी घालून ठेवलेल्या पैठणीसारख्या चुरगळलेल्या. ऊन लागलं की तासाभरात सुरकुत्या जातात. एवढी मोठी पाकळी एवढ्याशा कवचात कशी मावली होती, याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

कॅलिफोर्नियाची तऱ्हा वेगळी. तिची कळी ताठ असते आणि कवच तुकडे न होता अखंड टोपीसारखं निघतं. पाकळ्या वाढता वाढता ती टोकदार टोपी वर ढकलतात आणि एका क्षणी ती टुपकन पडते. लहान मुलांना हे फार आवडतं, त्यांना टोप्या गोळा करू द्या.

फूल एका दिवसात गळून जातं. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. शर्लीचं एकेक फूल एक-दोन दिवसांचंच. पण झाड कळ्यांवर कळ्या आणतं. गळलेल्या फुलाचं बोंड दर दोन दिवसांनी खुडत राहिलात तर झाड बी धरण्यात ताकद घालवत नाही आणि महिना-दीड महिना फुलत राहतं. बियासाठी चार-पाच चांगल्या झाडांना दोरा बांधून ठेवा आणि त्यांची बोंडं राखा.

कॅलिफोर्नियाची फुलं संध्याकाळी मिटली, ढगाळ दिवशी तर उघडलीच नाहीत.

तो तिचा स्वभाव आहे. सकाळी ऊन चढलं की उमलते, रात्री आणि ढगाळ हवेत मिटून बसते. कामावरून सात वाजता घरी येणाऱ्यांना ती फक्त रविवारी भेटते. अशांनी शर्ली लावावी.

फुलदाणीत टिकते का?

टिकते, पण उमललेली तोडू नका. कवचाला चीर पडून रंग दिसू लागलेली कळी पहाटे कापा. कापलेल्या देठातून चीक येतो. देठाचं टोक दहा-पंधरा सेकंद गॅसच्या ज्योतीवर धरा किंवा उकळत्या पाण्यात बुडवा, मग गार पाण्यात ठेवा. शर्ली दोन-तीन दिवस राहते, आइसलँड त्याहून जास्त.

पानांवर पांढरं आलंय. मावाही दिसतोय.

पानाच्या वरून पीठ सांडल्यासारखं दिसत असेल तर ती भुरी. वरून पिवळे डाग आणि खालच्या बाजूने करड्या बुरशीची लव असेल तर केवडा. नाशिककडचे द्राक्षवाले त्याला डाऊनी म्हणतात. दोन्हींचं मूळ दाटी आणि पानांवरची ओल. रोगट पानं काढून घरच्या कचऱ्यात टाका, खतात नको. केवड्याने पूर्ण झाड धरलं असेल तर ते उपटा, शेजारची वाचतील. कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर, पाणी जास्त झालंय.

मावा देठांवर आणि कळ्यांच्या मागे बसतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडून टाका. नाहीच गेला तर निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. सकाळी फवारलात तर फुलावर आलेल्या मधमाश्यांवर पडतो.

पॉपीत मध नसतो, मधमाश्या येतात त्या परागासाठी. शर्लीच्या वाफ्याशी सकाळी आठच्या सुमाराला उभं राहिलं तर सातेरी आणि फुलोरी दोन्ही दिसतात. फुलाच्या मधल्या पुंकेसरांत त्या गोल गोल फिरत लोळतात. रोज सकाळची माझी दहा मिनिटं यातच जातात.

मुंबई, कोकण, गोव्यात होते का? आणि नागपूरकडे?

समुद्रकाठी अपेक्षा थोडी कमी ठेवा. रात्रीचा गारवा उशिरा येतो आणि हवेत दमटपणा असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फक्त कॅलिफोर्निया पेरा, कुंडीत, पूर्ण उन्हात, भिंतीपासून दूर वारा खेळेल अशा जागी. मातीत जांभ्याची खर मिसळली तर पाणी झटकन निचरतं. शर्ली एखाद्या थंड वर्षी जमेल.

विदर्भात उलट. नागपूर, अमरावतीला थंडी खणखणीत पडते आणि शर्लीची वाढ आमच्यापेक्षा भारदस्त होते. पण फेब्रुवारी सरताना ऊन एकदम चढतं, म्हणून पेरणी ऑक्टोबरअखेर उरकून घ्या.

मी लंडनजवळ राहते. इथे हेच वेळापत्रक?

नाही. तिथे सप्टेंबरमध्ये किंवा थेट मार्च-एप्रिलमध्ये पेरा, फुलं जून-जुलैत येतील. आणि तुम्ही तर शर्लीच्या माहेरीच आहात. क्रॉयडनजवळच्या शर्ली गावात विल्यम विल्क्स नावाचे पाद्री होते. १८८० मध्ये त्यांना बागेच्या शेताला लागून असलेल्या पडीक कोपऱ्यात रानातल्या लाल पॉपींचा ताटवा दिसला. त्यातल्या एकाच फुलाच्या पाकळीला बारीक पांढरी कड होती. त्यांनी तेवढंच फूल खुणेने राखून त्याचं बी धरलं. पुढच्या वर्षी दोनेकशे झाडांत जेमतेम चार-पाचांच्या फुलांना ती कड आली. त्यांचं बी पुन्हा धरलं. असं वर्षानुवर्षं निवडत निवडत मधला काळा डाग गेला आणि फिकट, उजळ मध्याची शर्ली तयार झाली. खत नाही, औषध नाही, नुसती नजर आणि दोरा. आपल्या वाफ्यातल्या आवडत्या फुलाला दोरा बांधताना मला हे हटकून आठवतं.

बी कसं धरायचं? माझ्या एकट्या झाडाला बोंड आलं, पण आत बी नाही.

शर्लीला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. कुंडीत एकच झाड असेल तर बोंड पोकळ राहतं. कॅलिफोर्नियाचंही बहुतांशी तसंच. निदान पाच-सहा झाडं एकमेकांजवळ फुलू द्या.

शर्लीचं बोंड पिकलं की तपकिरी होतं, वरच्या चकतीखाली बारीक छिद्रांची माळ उघडते, आणि हलवलं की आत खुळखुळा वाजतो. तेव्हा ते देठासकट कापा आणि कागदी पिशवीत उलटं धरून झटका. एका बोंडातून हजारभर दाणे सहज पडतात. कॅलिफोर्नियाला बोंड नाही, लांब बारीक शेंग येते. ती वाळली की कडकन तडकून बी लांब उडतं. म्हणून शेंग गव्हाळ रंगाची झाली की तडकण्याआधीच तोडून झाकणाच्या डब्यात ठेवा. दुपारी डब्यात तडतड ऐकू येते.

बी दोन दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रिजमध्ये. आपला पावसाळा बियाचा घात करतो, उघड्यावर ठेवलेलं बी श्रावणापर्यंतच कामातून जातं. वेगवेगळ्या रंगांची शर्ली जवळजवळ असेल तर पुढच्या वर्षी रंग मिसळून येतील हे धरून चाला.

सांडलेलं बी आपोआप उगवतं का?

उगवतं. रानातल्या लाल पॉपीचं बी मातीखाली दशकानुदशकं जिवंत राहतं आणि माती उकरली, उजेड लागला की रुजतं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी नांगरल्यासारख्या झालेल्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्सच्या जमिनीवर लाल ताटवे उठले ते यामुळेच. आपल्याकडे पावसाळ्यात बरंच बी कुजतं, तरी दर नोव्हेंबरला वाफ्यात आठ-दहा रोपं न पेरता येतात, आणि मला तीच सगळ्यांत जोमदार वाटतात.

रस्त्याकडेला काटेरी पानांचं पिवळं फूल दिसतं, तीही पॉपीच का?

हो, पिवळा धोत्रा. कुणी दारुडी म्हणतात, कुणी फिरंगी धोत्रा. नावात धोत्रा असला तरी तो धोतऱ्याच्या कुळातला नाही, पॉपीच्या कुळातला. मूळचा मेक्सिकोकडचा, आता आपल्या पडीक जमिनीवर सगळीकडे. मोडला की पिवळा चीक येतो. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं आणि विषारी असतं. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ येऊन माणसं दगावली. बागेत आला तर फूल धरायच्या आत उपटा, हातमोजे घालून.

घरात लहान मूल आणि मांजर आहे. शोभेच्या पॉपी विषारी असतात का?

अफूचं झाड नसलं तरी ही खायची झाडं नव्हेत. पानं, चीक, कच्ची बोंडं पोटात जाऊ देऊ नका. शर्लीचं बी खसखस म्हणून वापरू नका आणि कॅलिफोर्नियाच्या पाल्याचा चहा वगैरे करू नका. पाडसं-वासरं बागेत शिरत असतील तर वाफ्याला कुंपण घाला. हात लावल्याने काही होत नाही. मूल रांगतं असेल तर कुंड्या कठड्यापाशी उंचावर ठेवा.

होळी झाली, झाडं पिवळी पडली. आता उपटू का?

दोरा बांधलेली झाडं बोंडं वाजेपर्यंत राहू द्या, दिसायला बरी नसली तरी. बाकीची जमिनीलगत कापा. मुळं मातीतच राहू दे, ती कुजून माती मोकळी करतात. कुंडीतली माती ताडपत्रीवर पसरून एप्रिलच्या उन्हात आठवडाभर तापवा आणि पोत्यात भरून ठेवा, ऑक्टोबरात खत मिसळून तीच वापरता येते. वाफ्यात मी लगेच ऑफिस टाइम या फुलझाडाच्या काड्या खोचते. त्यांना खोल खणावं लागत नाही, त्यामुळे वर सांडलेलं पॉपीचं बी आहे तिथेच राहतं.